आजारी माणसाला घेऊन नरसोबाच्या वाडीला जाताना

दत्ताच्या नरसोबाच्या वाडीला लोक आजही दुखणं घेऊन येतात, आणि त्याचं मूळ गुरुचरित्रात आहे. हिरण्यकशिपूला फाडताना नृसिंहाच्या नखांना काळकूट लागलं, तो दाह औदुंबराच्या फळांनी शमला, ही कथा एकोणिसाव्या अध्यायात येते. विसाव्यात शिरोळची, मुलं न जगणारी बाई वाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमावरच्या औदुंबराची सेवा करते. वाडीच्या दत्तमंदिराला नेहमीसारखं शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीला दृष्टी आली म्हणून त्याने ते बांधून दिलं, असं वाडीत सांगतात.

कोल्हापूरहून वाडी साधारण ४५ किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. रेल्वेने जयसिंगपूरला उतरलात तर पुढे शिरोळमार्गे सुमारे १५ किलोमीटर राहतात. आजारी माणूस बरोबर असेल तर गुरुवार, पौर्णिमा आणि दत्तजयंती टाळा. रांगेत उभं राहूनच त्याची शक्ती संपते. साध्या वारी सकाळी लवकर पोहोचा. दुपारच्या महापूजेच्या सुमाराला गर्दी वाढते. अभिषेक करायचा असेल तर आधी देवस्थानच्या कार्यालयात पावती करा, सोवळ्याचे नियमही तिथेच विचारून घ्या.

पेढ्यांच्या दुकानांची गल्ली संपली की घाटाच्या पायऱ्या लागतात. देऊळ खाली, नदीला लागून आहे. उतरणं सोपं, दम लागतो तो परत चढताना. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला टप्प्याटप्प्याने बसवतच वर आणा. उन्हाळ्यात दुपारी फरशी इतकी तापते की अनवाणी प्रदक्षिणा होत नाहीत. मधुमेह्याच्या पायाला बधिरपणा असेल तर फोड आल्याचं त्याला कळतही नाही, म्हणून त्याच्या प्रदक्षिणा सकाळीच उरका. नवस १०८ चा असला तरी जमतील तेवढ्याच घालाव्यात. देव हिशेब मागत नाही.

स्नानाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. इथे कृष्णेला पंचगंगा मिळते आणि पंचगंगेचं पाणी वरून दूषित होऊन येतं. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की ते जास्त जाणवतं. उघडी जखम, नुकतंच झालेलं ऑपरेशन, लहान मूल किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल तर डोक्यावर चार थेंब प्रोक्षण पुरे. तीर्थ म्हणून नदीचं पाणी पाजू नका. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ राहतं, घसरून पडतात ते तेव्हाच.

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढून उत्तरेकडून देवळात शिरतं आणि दत्ताच्या पादुकांवरून दक्षिण दरवाजाने बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या स्नानाचं मोठं पुण्य मानतात, पण पाण्याला ओढ असते. धडधाकट माणसानेच उतरावं. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातले रस्तेच बंद झाले होते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पाणीपातळीची बातमी बघा.

गोळ्या बंद करून सेवेला बसवणं मात्र कधीही करू नये. फीट, मानसिक आजार आणि रक्तदाबाच्या गोळ्या अचानक थांबवल्या की त्रास उसळतो आणि घरचे त्याला बाधा समजतात. उपास करायचा असेल तर इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच. गुरुचरित्राचं सप्ताह पारायण घरच्या निरोग्या माणसाने करावं, रुग्णाने शेजारी बसून ऐकलं तरी चालतं.

निघताना बासुंदी घेतलीत तर त्याच दिवशी संपवा, उन्हात गाडीत ती नासते. लांब जायचं असेल तर कवठाची बर्फी बरी. अंगात त्राण उरलं असेल तर कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर त्याच दिवशी होतं. नसेल तर सरळ घरी परता.