बोंडलं, पाट आणि वीस तारीख

बायकोची प्रसूती रजा एप्रिलअखेर संपली तेव्हा धाकटा पाच महिन्यांचा होता. कायद्याने रजा 26 आठवड्यांची, म्हणजे सहा महिने. पण त्यातले चार आठवडे बाळंतपणाआधीच गेले होते. इकडे डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. मधला महिना कुणी कसा काढायचा याचं उत्तर कायद्यात नाही. जिथे 50 किंवा जास्त माणसं कामाला असतात तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. हिच्या ऑफिसात पंधरा-वीस जण, म्हणजे तो विषय तिथेच मिटला. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवसांची तरी रजा मिळते. माझ्यासारख्या घरी बसून व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्याला रजा द्यायला साहेबच नाही. तेव्हा बाळ माझ्याकडे, असं ठरलं. आईचे गुडघे गेलेत, तिला खाली बसता येत नाही. थोरली साडेचार वर्षांची, सकाळी बालवाडीत.

पहिला प्रश्न दुधाचा. ही सकाळी निघताना दूध काढून ठेवायची. सांगलीच्या मे महिन्यात ते बाहेर ठेवायचा प्रश्नच नव्हता, झाकणाच्या डबीत घालून, तारीख-वेळ लिहून सरळ फ्रीजमध्ये, तेही दारात नाही, आतल्या बाजूला. थोड्या वेळाने बघितलं तर वर सायीसारखा थर, खाली निळसर पाणी. मला वाटलं नासलं. हिला फोन केला तर हसली, म्हणाली, तसंच असतं, हळू फिरव. गॅसवर तापवायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात डबी धरून बसायचं. इकडे लेकरू टाहो फोडतंय आणि आपण डबी धरून बसलोय, त्या चार मिनिटांत माणसाचा स्वभाव कळतो.

बाटली डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. वाटी-चमच्याने निम्मं दूध लाळेऱ्यावर जायचं. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरचं बोंडलं काढून दिलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं निमुळत्या तोंडाचं छोटं भांडं. त्याचं तोंड ओठाच्या कोपऱ्यात टेकवायचं, ओतायचं नाही. पोरगं जिभेने ओढून घेतं, गिळतं, श्वास घेतं, मग पुन्हा. आपल्या घाईचा तिथे काही उपयोग नाही. घाई केली की ठसका. धुवायला मात्र ते फार त्रासाचं, निमुळत्या तोंडात दूध वाळून बसतं. लगेच धुऊन उकळून ठेवलं नाही तर पुढच्या वेळी आपणच रडायचं.

"आरं, उन्हाळा हाय, लेकराला घोटभर पाणी तर पाज की," असं आई रोज म्हणायची. आईच्या दुधात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, हे मी तिला रोज सांगायचो. तिला ते पटलं नाही, पण तिने चोरून पाजलंही नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं.

अंघोळ मला शिकवली ती मालिशवाल्या मावशींनी. सव्वा महिना झाल्यावर त्यांचं येणं थांबलं होतं, मी मुद्दाम पुन्हा बोलावलं. पाटावर बसून पाय लांब करायचे, दोन्ही पावलं जवळ, बाळ नडगीवर पालथं, तोंड पावलांकडे. पाणी हाताने बघायचं नाही, कोपराने बघायचं. आपल्या तळहाताची कातडी निबर, तिला कढत पाणीही कोमट वाटतं. तांब्या उंचावरून धरायचा नाही. मावशी दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या, हात लावला नाही. "घसरत न्हाई, तुम्ही घाबरू नका, तुम्ही घाबरला की त्याला कळतं." आई आत डोकावायला आली तर तिलाही त्यांनी बाहेर काढलं. माझं तर मत असं आहे की बाप शिकतो तो घरातल्या बायका खोलीबाहेर गेल्यावरच. उपजत असं त्यात काही नाही. हिलाही थोरलीच्या वेळी हे सगळं कुणीतरी शिकवलंच होतं, फक्त तिला "तुला जमेल का?" असं कुणी विचारलं नाही.

धाकट्यापेक्षा थोरली अवघड गेली. तीही बोंडल्याने दूध मागायला लागली. दिलं. दोनच दिवसांत कंटाळली. बाराला बालवाडी सुटायची आणि संध्याकाळी पाच ते सात हे दोन तास दोघं मिळून घर डोक्यावर घ्यायची. तिला "जेवतेस का?" विचारलं की उत्तर "नाही". "भात आधी की पोळी आधी?" विचारलं की ती विचारात पडते आणि तोवर ताट समोर आलेलं असतं. सँडलचा पट्टा ती स्वतःच लावणार. त्यासाठी घरातून दहा मिनिटं आधी निघायचं, दुसरा उपाय मला सापडला नाही.

महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला माझी जीएसटीची रिटर्न असतात. दात येण्यालाही तेच मुहूर्त सापडले. तेव्हापासून मी व्यापाऱ्यांकडून बिलं पाच तारखेलाच मागून घेतो. आधी कुरकुरले, आता देतात.

ऑगस्टअखेर नऊ महिन्यांच्या लसीला मीच घेऊन गेलो. आरोग्य केंद्रात बुधवारी रांग, सगळ्या आया, आज्या. सिस्टरनी कार्ड बघून विचारलं, "आई कुठंय?" म्हटलं, कामावर. "मग नीट ऐका." उजव्या दंडात गोवर-रुबेला, डाव्यात पोलिओची सुई, मांडीत न्यूमोनियाची, वर जीवनसत्त्व अ चं एक लाख युनिटचं औषध चमच्याने. कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची कधी, कार्ड जपून ठेवा, आणि अर्धा तास इथेच बसा. गोवराच्या लसीचा ताप लगेच येईलच असं नाही, आठवड्याभरानेही येऊ शकतो, हे मला तिथे कळलं. आणि आला तो तसाच, सातव्या दिवशी रात्री.

तापाच्या औषधाचं एक सांगतो, कारण हे बहुतेक बापांना माहीत नसतं. पॅरासिटामॉल पातळ स्वरूपात वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. पाच एमएलमध्ये 125 मिलीग्रॅम असलेलं वेगळं, 250 असलेलं वेगळं, आणि थेंबांच्या बाटलीत तर एकाच एमएलमध्ये 100. डोस वजनावर ठरतो. त्यामुळे "अर्धा चमचा दे" याला काही अर्थ नाही, आणि घरातला चमचा तर नकोच. डॉक्टरांकडून वजनानुसार एमएल आणि बाटलीचं पूर्ण नाव लिहून घ्या, कार्डाच्या पाकिटात ठेवा. थोरलीची बाटली वेगळी, धाकट्याची वेगळी. आमच्या फ्रीजवर दोघांचे आकडे चिकटवलेत.

आता पोरगं नाचणीची खीर, मऊ भात, वरण-तूप सगळं खातं, निम्मं अंगाला लावतं. पुढची लस सोळाव्या महिन्यानंतर. त्या बुधवारी मला एका व्यापाऱ्याच्या ऑडिटला जायचंय, म्हणून ही रजा टाकून नेणार आहे. तिला सांगून ठेवलंय, सव्वानऊला पोच, साडेनऊनंतर रांग जिन्यापर्यंत येते.