आमची वाटचाल : आठ बाय एकचा काटा

हा काटा म्हणजे डिझेल पंपाचं टायमिंग मोजायचा अडॅप्टर, आम्हीच केलेला. आमचं पंप-नोझलचं वर्कशॉप कोल्हापुरात, उद्यमनगरात. वडिलांनी सुरू केलं तेव्हा काम दोनच तऱ्हेचं यायचं : शेतीपंपाची किर्लोस्कर इंजिनं आणि उसाच्या वाहतुकीचे ट्रक. टायमिंग म्हणजे पंपानं डिझेल नेमकं कधी सोडायचं ते जुळवणं. वडिलांचं त्याचं सगळं साहित्य एका डब्यात मावायचं. बाकदार नळी, शिमांचं (पातळ पत्र्याच्या चकत्यांचं) पुडकं आणि खडू. सिंगल सिलिंडरला पंपाखालची शिम काढली की टायमिंग पुढं, घातली की मागं. लाईन पंपाला, म्हणजे दर सिलिंडरला वेगळा एलिमेंट असतो त्या पंपाला, पहिल्या एलिमेंटची डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढायची, होल्डर परत बसवून नळी लावायची, फ्लायव्हील हातानं हळू फिरवायचं, आणि धार तुटून थेंबावर आली की खूण बघायची. वडील त्या थेंबाकडं बघत असताना दुकानात कुणी बोलायचं नाही. ही विद्या अजून चालते. ज्यांना ती येत नाही त्यांनी स्वतःला पंप मेकॅनिक म्हणवून घेऊ नये, असं माझं मत आहे, कुणाला राग आला तरी.

१९९८ च्या अखेरीस इंडिका आली आणि चार-पाच वर्षांत टॅक्सी स्टँडवर डिझेल इंडिकाच इंडिका झाल्या. तिचा पंप व्हीई जातीचा. एकच प्लंजर, तोच फिरतो आणि तोच पुढंमागं होऊन चारी सिलिंडरला माल, म्हणजे डिझेल, देतो. थेंब बघायची सोय नाही. पंपाच्या हेडच्या मधोमध, चार पायपांच्या बेचक्यात एक छोटा प्लग असतो. तो काढून तिथं डायल (सुईचं मोजमाप) लावायचा आणि टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना, प्लंजर किती उचलला ते मोजायचं, एवढीच रीत. पण डायल लावायचा अडॅप्टर मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या किटमध्ये कुलपात. आम्ही भाड्यानं मागितला तर "बाहेरच्यांना देत नाही" असं उत्तर मिळालं. बाहेरचे म्हणजे कोण, तर ज्यांच्या दुकानात त्यांचेच मेकॅनिक संध्याकाळी नोझल तपासून घ्यायला यायचे ते.

मग गावात काय चालायचं? पंपाचे नट ढिले करायचे, गाडी चालू ठेवायची, हातोड्याच्या दांड्यानं पंप ठोकत कानानं ठोका ऐकायचा. टायमिंग जरा पुढं असलं की गाडीला पिकअप येतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि इंजिन आतून मार खात राहतं.

असा अडॅप्टर, म्हणजे काटा, स्वतःच करायचं डोक्यात घातलं ते आजऱ्याच्या एका टॅक्सीवाल्या अण्णांनी. कोल्हापूर-गोवा भाडी, आंबोलीचा रस्ता. बेल्ट बदलल्यापासून त्यांची गाडी सकाळी पांढरा धूर सोडायची आणि घाटात दम टाकायची. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. "नोझल नवी घातली, फिल्टर घातला, आता काय मला नवीन घालताय?" म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, टायमिंग मागं आहे, पण किती मागं ते मोजायला माझ्याकडं काही नाही. "मग कर की काहीतरी. गाडी इथं ठेवतो. एसटीनं जातो." आणि खरंच गाडी ठेवून गेले. धंद्याची गाडी. पुढं माझ्यावर वेळ आली तेव्हा हाच माणूस उभा राहिला, म्हणून हे सांगितलं.

गल्लीतल्या लेथवाल्या तात्यांकडं बसलो. सगळा खेळ आट्यांचा आहे. त्या प्लगचे आटे आठ मिलिमीटरचे, पण पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, एकची. बाजारात आठचा बोल्ट मागितला की सव्वाच्या पीचचाच मिळतो, तो इथं चालत नाही. तात्यांनी ईएन-८ पोलादाच्या हेक्स (षटकोनी) बारमधून तुकडा काढला, पुढं आठ बाय एकचे आटे लेथवरच काढले आणि मधून आरपार तीनचं भोक मारलं. हे भोक वाचायला सोपं आहे. लांब ड्रिल वाकतं, एका बाजूनं मारत गेलं की पलीकडं तिरकं निघतं. तात्या दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं मारायचे आणि दर दोन मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढून बुरादा झटकायचे. मागच्या बाजूला डायलची आठ मिलिमीटरची दांडी बसेल असा बुश. तो पितळीच, आणि चिरलेला. लोखंडी बुश करून वरून ग्रब स्क्रू आवळला की डायलची दांडी दबते, आतली सुई अडकते आणि आकडा खोटा येतो.

प्लंजर आणि डायल यांच्यामध्ये लागणारी काडी म्हणजे सायकलच्या स्पोकचा तुकडा. दोन्ही टोकं ऑइलस्टोनवर घासून सपाट केलेली, काटकोनात. ती काडी कशालाही चिकटवायची नाही. भोकात सोडली की स्वतःच्या वजनानं खाली सरकली पाहिजे. डायल पुण्याच्या बेकरचा, ०.०१ मिलिमीटरचा, सुईचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर.

आमचा अडॅप्टर हातानं बसतो. पाना लागला तर समजायचं, काहीतरी चुकतंय. डायल साधारण दोन मिलिमीटर दाबून ठेवायचा, इंजिन उलटं फिरवत सुई थांबेपर्यंत यायचं, तिथं शून्य करायचं, मग चालीच्या दिशेनं फिरवत टीडीसीच्या खुणेवर. पुढं गेलात तर तेवढंच मागं येऊ नका. चांगलं मागं जा आणि पुन्हा चालीच्या दिशेनं या, नाहीतर बेल्टचा आणि चावीचा ढिलेपणा तुमच्या आकड्यात शिरतो. लिफ्ट, म्हणजे प्लंजरची उचल, कमी आली तर पंप त्याच्या शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला ढकलायचा. कोल्ड स्टार्टचा लिव्हर असेल तर तो आधी मोकळा सोडा. काम झाल्यावर तांब्याचा वायसर नवाच घाला. जुना घालून दहा रुपये वाचवणारे मी बघितलेत, आणि दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत आणणारेही.

अण्णांची गाडी आंबोली चढली. मग त्या स्टँडच्या सगळ्या गाड्या आल्या. निपाणी, इस्लामपूर, कराड इथले मेकॅनिक काटा मागू लागले तसं तात्यांनी आणि मी जोडीनं थोडे-थोडे करून विकायला सुरुवात केली. "उद्यमनगरचा काटा" म्हणून ओळखू लागले.

इथंच माशी शिंकली. आमच्याकडं काम शिकलेला एक पोरगा जवळच्याच एका दुकानात गेला. त्या मालकाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. चार महिन्यांत त्यांचा काटा बाजारात, आमच्या निम्म्या किमतीत. दिसायला तोच, हेक्स तेवढाच, बुशसुद्धा पितळी. फक्त आटे लेथवर काढायच्या ऐवजी बाजारातल्या साध्या बोल्टला भोक मारलेलं. म्हणजे पीच सव्वाची. असा बोल्ट एकच्या पीचमध्ये एक-दीड फेरा जातो आणि अडकतो. हातानं बसवायची सवय असलेला माणूस तिथं थांबतो. पण ज्यानं सूचना वाचलेलीच नाही तो पाना लावतो. आणि पाना लावला की हेडमधले आटे गेले. व्हीईचं हेड म्हणजे काय किमतीची वस्तू आहे हे इथं कुणाला सांगायला नको.

आटे गेलेली हेड्स घेऊन लोक आले कुणाकडं? आमच्याकडं. काटा म्हणजे उद्यमनगरचा, आणि उद्यमनगरचा म्हणजे आमचा. मी बिलं मागायचो, बिलं कुणाकडंच नसायची. स्टँडवर बोललं जाऊ लागलं की यांच्या काट्यानं पंप जातो. सर्व्हिस सेंटरवाल्यांना आयतं कोलीत मिळालं, "देशी जुगाडाचा हा परिणाम" म्हणू लागले. त्याच वर्षी मी टेस्ट बेंचसाठी, म्हणजे पंप चढवून तपासायच्या यंत्रासाठी, बँकेचं कर्ज उचललेलं. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. बेंच नवाकोरा, वर कापड घातलेलं, आणि त्यावर चढवायला पंप नाही. घरातलं सोनं बँकेत गेलं. दोन माणसं मीच कमी केली. तात्या म्हणाले, "मजुरी नंतर दे, पण काटे करायचं बंद करायचं नाही." मी बंदच करणार होतो.

अण्णा एके दिवशी पिशवी घेऊन आले. आत खराब झालेलं एक हेड आणि तो दुसरा काटा, बिलासकट. कुणाकडून मिळवलं ते त्यांनी आजवर सांगितलं नाही. मला गाडीत घालून स्टँडवर नेलं, बॉनेटवर वर्तमानपत्र अंथरलं आणि दहा-बारा ड्रायव्हर गोळा केले. मी थ्रेड गेजची, म्हणजे आट्यांची पीच तपासायची, पानं काढली. एकचं पान आमच्या काट्यावर ठेवलं, दातात दात बसले, मधून उजेड दिसेना. तेच पान त्या काट्यावर ठेवलं तर दात एकमेकांवर चढलेले. मग सव्वाचं पान, ते तंतोतंत. अण्णांनी बिल वाचून दाखवलं, दुकानाच्या नावासकट. "आता कुणी ह्या पोराचं नाव घेतलं तर मला सांगा," म्हणाले. एवढंच. भाषण नाही.

गिऱ्हाईक एका दिवसात परत येत नसतं, पण त्या हंगामात बेंचवरचं कापड निघालं. त्या मालकानं आजपर्यंत चूक कबूल केलेली नाही. लग्नात भेटला की "काय, बरं आहे का" म्हणतो. मी मान हलवतो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक काट्याच्या हेक्सवर "८×१" पंचानं ठोकलेलं असतं, आणि बिलाशिवाय काटा दुकानाबाहेर जात नाही. नव्या पोरांना एवढंच सांगतो : वस्तू चालायला लागली की पहिल्या दिवशी तिच्यावर खूण ठोका. आणि यंत्रासाठी कर्ज काढताना रिकाम्या सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवूनच सही करा.

पुढची वर्षं बरी गेली. कर्ज फिटलं, सोनं घरी आलं.

आता कॉमन रेलचा जमाना. पंप नुसता दाब तयार करतो, माल कधी सोडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. २०२० ला धुराचे बीएस-६ नियम आल्यावर जुन्या पंपांच्या नव्या गाड्या येणं संपलंच. कॉमन रेलचे इंजेक्टर आम्हीही करतो, मुलगा ते बघतो, त्याला लॅपटॉप लागतो. काटा मात्र अजून जातो, कारण व्हीईवाल्या जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत. तात्यांचा लेथ आता त्यांचा पुतण्या चालवतो. दोन्ही बाजूंनी भोक मारायची पद्धत त्यानं मोडलेली नाही.

मागवणाऱ्यांना एक विनंती. फोन करण्याआधी पंपावरची पट्टी पुसून नंबर वाचा. जुन्या अँबेसडरचा सीएव्ही कंपनीचा डीपीए जातीचा पंप असेल तर हा काटा त्याला लागतच नाही. त्याला बाजूचं झाकण काढून रोटरवरची रेघ आतल्या सर्क्लिपला जुळवावी लागते, त्यासाठी माझ्याकडून काही विकत घ्यायची गरज नाही. हे सांगितलं तरी दर महिन्याला कुणीतरी डीपीएसाठी काटा घेऊन जातो आणि बसत नाही म्हणून परत आणतो. पॅकिंग फोडलेलं नसेल तर परत घेतो. पाना लावल्याची खूण दिसली तर नाही.