पेटीवाल्याच्या हाती केजन अकॉर्डियन

ह्युस्टनला मी हार्मोनियम दुरुस्त करतो. देवळांतल्या, गुरुद्वारांतल्या, भजनी मंडळांच्या पेट्या येतात. त्या शनिवारी मात्र लुईझियानातल्या लेक चार्ल्सहून सत्तरीचे एक गृहस्थ अडीच तास गाडी हाकत आले. आठवड्यापूर्वी दुरुस्तीला दिलेलं केजन, म्हणजे लुईझियानातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचं, अकॉर्डियन न्यायला.

वाद्य दिसायला खेळण्याएवढं. उजवीकडे 10 बटणं, डावीकडे 2, वर 4 खटके. पण नुसत्या उजव्या बाजूलाच आत 80 पाती, म्हणजे वाऱ्याने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या! एकेका बटणाला भाता दाबताना चार, ओढताना वेगळी चार. सूर उशिरा बोलतात, ही त्यांची तक्रार. मी सवयीने प्रत्येक पात्याच्या टोकाखालची फट कमी केली. हलक्या वाऱ्यावर सूर उचलला पाहिजे, हे वडिलांनी पुण्याच्या दुकानात शिकवलेलं. वाजवून पाहिलं तर अगदी लोणी. मी खूश.

त्यांनी पट्ट्यात हात घातला, पाय आपटला आणि भाता असा हाणला की चार-पाच सूर जागच्या जागी गुदमरले. फट कमी आणि वारा जोराचा, मग पातं चौकटीला चिकटून बसतं, थरथरतच नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण इतक्या जोरात कोणी वाजवेल हे डोक्यातच आलं नाही.

ते रागावले नाहीत. गाडीतून दुसरं अकॉर्डियन घेऊन आले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले.

पेटीचा भाता ऐकणाऱ्याला कळता कामा नये, ही आमची शिकवण. इथे भाताच ठेका धरतो. आत दाबलं की सा, ग, प. बाहेर ओढलं की रे, म, ध, नी. म्हणजे चाल वाजवायची तर भाता सारखा उलटवावाच लागतो, आणि प्रत्येक वेळी उलटवताना जो झटका बसतो त्यावर नाचणाऱ्याचा पाय पडतो. लांब सूर ते धरून ठेवतच नव्हते. बोट उचलून तोच सूर पुन्हा ठोकायचे, जोडीला वरच्या सप्तकातला. डावा हात टू-स्टेपला, म्हणजे दोन मात्रांच्या नाचाला, खर्ज-कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), खर्ज-कॉर्ड. तीन मात्रांच्या वॉल्ट्झला एक खर्ज आणि दोन कॉर्ड. भाता संपत आला की डाव्या अंगठ्याने हवेची कळ दाबायची, तीही ठेका न मोडता. माईक नव्हते तेव्हा भरलेल्या नाचघरात पायांच्या आवाजावर चढायचं काम याच वाद्याचं. 1928 साली अकॉर्डियनवादक जो फाल्कन यांनी केजन संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका केली, तीही हेच वाजवून.

मग माझ्या हातात त्यांनी लोखंडी त्रिकोण दिला. पूर्वी हे गवत ओढायच्या दाताळ्याच्या दात्यांपासून करत. मूठ मिटली की नाद दबतो, उघडली की घुमतो. टाळ वाजवलेल्या माणसाला नवं काही नाही. टू-स्टेप निभावली. वॉल्ट्झला मात्र घोटाळा. तीन मात्रा म्हटल्यावर हात आपोआप दादऱ्यात, आपल्या तीन-तीनच्या सहा मात्रांच्या तालात, शिरला आणि चौथ्या मात्रेवर खाली, म्हणजे तालातली हलकी जागा, दाखवायला लागला. तीन-तीन मात्रांच्या दर दुसऱ्या गटाचा पहिला ठोका मऊ! ते थांबले, मान हलवली, पाय आपटून दाखवला. प्रत्येक पहिला ठोका त्यांना भरलेलाच हवा होता. माझी खाली काही सुटेना.

दुपारभर बसून फट पुन्हा वाढवली. पात्याखाली पातळ पट्टी सरकवायची, केसभर उचलायचं, भाता हाणून बघायचं. आमच्या दुकानातून असले दणके कधी ऐकू येत नाहीत, म्हणून शेजारची शिवणकाम करणारी बाई दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तो त्रिकोण तिच्या हातात होता आणि वॉल्ट्झ बिनचूक चालली होती.