पेठेचा ड्रोन-नकाशा आणि एका कागदाचा फेरा

आमच्या शहरातील जुन्या पेठेच्या घरांचा नकाशा मी ड्रोनच्या छायाचित्रांवरून ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर काढला. प्रत्यक्ष उड्डाण एका दुपारीच उरकले. कागदपत्रांत मात्र अख्खा हिवाळा गेला.

ड्रोन नियम, २०२१ नुसार हरित क्षेत्रात, म्हणजे उड्डाणास मोकळ्या ठेवलेल्या भागात, १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर पेठ हिरवीच होती, ड्रोनची नोंदणी झालेली होती आणि तो दोन किलोंच्या आतला, बिगरव्यावसायिक वापराचा असल्याने पायलटचे प्रमाणपत्रही लागत नव्हते. तरीही भरवस्तीत उडवायचे म्हणून मी पोलीस ठाण्यात अर्ज नेला, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाचे पत्र आणा असे सांगण्यात आले. त्या कार्यालयातील लिपिकाने पोलिसांचा ना हरकत दाखला जोडल्याशिवाय अर्ज आवक नोंदवहीत चढवण्यासही नकार दिला. त्यानंतर साहेब कधी दौऱ्यावर असत, कधी बंदोबस्तावर. कोणी ‘नाही’ म्हणाले असते तर निदान वाद घालता आला असता!

अखेर परवानगी मागणेच मी सोडून दिले. अर्जाच्या विषयात ‘माहितीस्तव सादर’ असे लिहिले. सोबत उड्डाणाची तारीख, वेळ, रंगीत क्षेत्र-नकाशा, नोंदणीची प्रत आणि तात्पुरते लाल (उड्डाणबंदीचे) क्षेत्र घोषित करण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक वा त्यांहून वरिष्ठ अधिकाऱ्याला, तोही एका वेळी ९६ तासांपुरताच, असल्याचा नियम जोडला. सही कोणालाच करायची नव्हती, त्यामुळे पोचेचा शिक्का तत्काळ मिळाला. तशी वेळ आल्यास थेट असाच अर्ज द्यावा.

छायाचित्रे वेबओडीएम या छायाचित्रे जोडून नकाशा बनवणाऱ्या प्रणालीत विनातक्रार जुळली. पुढची-मागची छायाचित्रे सुमारे ८० टक्के आणि शेजारच्या उड्डाण-रांगांतील ७० टक्के एकमेकांवर यायला हवीत, अन्यथा उंच इमारती कलंडलेल्या दिसतात. तेवढे करूनही छप्पर थोडे सरकतेच; म्हणून कडा छपरावरून आखून आकृती भिंतीच्या पायथ्याशी ओढून घ्यावी. वाड्याचा चौक पोकळ ठेवण्यास विसरू नये. एकाच पत्र्याखाली दोन बिऱ्हाडांची सामाईक भिंत असल्यास ती वरून कळत नाही. त्यासाठी बोळात पायी जावेच लागते.

उड्डाणाची वेळ भर दुपारची ठेवावी, कारण बोळांतील सावल्या तेव्हा आखूड असतात. संक्रांतीचा आठवडा मात्र टाळावा. पतंगाचा मांजा पंख्यात अडकला की ड्रोन कोणाच्या तरी कौलांवर कोसळणार.