आमची वाटचाल : 22 जोड्या ते 9 माणसं

वडिलांनी 1988 साली नाशिकजवळ दारणाकाठी विटांची भट्टी लावली, तेव्हा आमच्याकडे मजुरांच्या 22 जोड्या होत्या, नवरा-बायको मिळून एक जोडी. दिवाळी आटोपली की पेठ-सुरगाण्याकडून टेम्पो भरून यायच्या, मृगाच्या आत परत. जोडी दिवसाला हजारभर विटा पाडायची. भट्टी रचणारे वेगळे, गाढववाले वेगळे.

वडिलांचा सागवानी साचा अजून ऑफिसात टांगलेला आहे. त्याच्या एका कोपऱ्याला पितळी पट्टी ठोकलीय, कारण लाकूड तिथंच आधी झिजतं. त्या साच्यातल्या विटेवर नख मारलं तर ठण्ण वाजायचं. आज लोक मोबाईलवर फोटो बघून वीट घेतात. घ्या बापडे.

आता 2009. पोळ्याला मुकादमामार्फत, म्हणजे मजूर आणणाऱ्या माणसामार्फत, 18 जोड्यांची उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) दिली, पतपेढीचं कर्ज काढून. दिवाळीनंतर टेम्पो आला तो आमच्या दारावरून पुढं गेला आणि अर्ध्या किलोमीटरवर शेजारच्या भट्टीवर रिकामा झाला. शेजाऱ्यानं मुकादमाला वरून पैसे चारले होते. ज्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं, तो हा माणूस. जोड्यांना विचारलं तर त्यांना आमची उचल निम्मीच पोचली होती, बाकी मुकादमाच्या खिशात. तक्रार कुठं करणार? उचलीवर माणूस अडकवून ठेवणं 1976 च्या वेठबिगार कायद्यानं गुन्हा आहे, आणि खरं सांगायचं तर आमचा सगळा धंदा त्याच उचलीवर चालत होता. त्या हंगामात 4 जोड्यांवर एकच भट्टी लागली, तीही अवकाळीत अर्धी भिजली. आईच्या पाटल्या गेल्या.

नव्या पोरांनी ऐकावं : उचल मुकादमाच्या हातात देऊ नका. जोडीतल्या बाईच्या हातात द्या, वहीवर तिचा अंगठा घ्या, विटांची मोजणी रोज संध्याकाळी तिच्यासमोर करा.

आणि दोष एकट्या शेजाऱ्याचा नाही, हेही बोलायला हवं. तोवर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा जोड्यांना ओढायला लागल्याच होत्या. ऑक्टोबर छाटणीला रोजच्या रोज रोकडा, डोक्यावर सावली, आणि पोरं शाळेत राहतात. आमच्याकडे चिखल, धूर आणि मे महिन्यापर्यंत न मिटणारा हिशोब. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बागेतच गेलो असतो.

तेव्हा एकच माणूस उभा राहिला. सिन्नर फाट्याचे मिस्त्री, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. म्हणाले, "राखेची वीट कर, मी बांधीन." 1999 च्या अधिसूचनेनं औष्णिक वीज केंद्राच्या 50 किलोमीटरच्या आत मातीच्या विटेत 25 टक्के राख घालायला लावलीच होती, आणि एकलहऱ्याचं वीज केंद्र आमच्या उशाला. राखेच्या विटेचं मशीन आलं. पहिल्या लॉटमध्ये सिमेंट कमी पडलं, विटा हातात भुगा व्हायच्या. अण्णांनी त्या स्वतःच्या गोठ्याला लावल्या आणि पैसे पूर्ण दिले. गोठा अजून उभा आहे, कसा ते त्यांनाच माहीत.

आता मिक्सरवर 2, प्रेसवर 2, पॅलेट उचलायला 3, पाणी मारायला 1, लोडरवर 1. बहुतेक बिहारचे. कच पडली की डाय (प्रेसमधला लोखंडी साचा) घासते आणि विटेच्या कडा जातात, म्हणून रोज सुट्टीआधी डाय पुसून डिझेलचा हात फिरवावा. कुणी फिरवत नाही.

मधली वर्षं बरी गेली. 2020 च्या टाळेबंदीत सगळे गावी गेले, 6 परत आले. आता एएसी ब्लॉकवाले आलेत, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या मोठ्या ठोकळ्यांचे. त्यांचा एक चार इंची ब्लॉक आमच्या सात-आठ विटांची जागा खातो, म्हणजे गवंडीही कमी लागतो.

शेजाऱ्याच्या भट्टीवर प्लॉटिंग झालंय. गेल्या महिन्यात त्याच्या मुलाचा फोन आला, कंपाउंडला 6,000 विटा हव्यात. आधी रोख मागितले. त्यानं दिले. गाडी भरताना अण्णा बसले होते, त्यांनी एक वीट उचलून वाजवली आणि ढिगावर परत ठेवली.