सात ओळींचा पॅच

आज दिवसभर लिनक्स कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) छोटे छोटे पॅच, म्हणजे लोकांनी सुचवलेले कोडमधले बदल, तपासत बसले होते. नवं फीचर एकही नाही, सगळी साफसफाई. कुठे कॉमेंटमधलं स्पेलिंग, कुठे मेमरी मोकळी करणाऱ्या केफ्री फंक्शनच्या आधीचा इफ काढलेला (केफ्रीला नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, दिला तरी काही बिघडत नाही, त्यामुळे तो इफ खरंच नको). असे पॅच पटकन होतात.

मग एक सात ओळींचा आला. मजकूर कॉपी करणारं जुनं फंक्शन स्ट्रएनकॉपी काढून त्याजागी नवं, स्ट्रएसकॉपी, घातलेलं. हेतू चांगलाच, कारण मजकूर बफरमध्ये (त्याच्यासाठी राखलेल्या जागेत) मावला नाही तर जुनं फंक्शन मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य टाकतच नाही. पण ते आणखी एक काम गुपचूप करतं: मजकूर छोटा असला की उरलेली जागा शून्यांनी भरतं. नवं भरत नाही. आणि इथे हा मजकूर ज्या स्ट्रक्चरमध्ये (डेटाच्या गटात) जात होता ते आधी शून्य केलेलं नव्हतं, पुढे जसंच्या तसं युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅम्सकडे) जात होतं. म्हणजे कर्नलच्या मेमरीतले जुने बाइट बाहेर गेले असते! कंपायलरची एकही वॉर्निंग नाही. डिफमध्येही (पॅचमधल्या बदललेल्या ओळींतही) हे दिसत नाही. पूर्ण फाइल उघडून ते स्ट्रक्चर कुठे कुठे जातं ते शोधत गेले, तेव्हा कळलं.

पॅच पाठवणारा नवखा असावा. नुसतं 'चूक आहे' म्हणून परत पाठवणं मला पटत नाही. कारण सविस्तर लिहिलं, उरलेली जागा शून्यांनी भरणारं स्ट्रएसकॉपी पॅड वापरायला सुचवलं. संध्याकाळी दुसरी आवृत्ती आली. कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपेत) त्याने ते कारण स्वतःच्या शब्दांत, माझ्यापेक्षा नेमकं लिहिलं होतं. लगेच रिव्ह्यूड-बाय (तपासून मान्य असल्याची नोंद) दिलं. फार बरं वाटलं.