गुडघे बदलले, आता कंबरेचं बघा

आईचे दोन्ही गुडघे बदलल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "किती वाकतो? नव्वद अंश झाला का?" मला वाटतं, गुडघा पूर्ण सरळ होतो का, हे आधी विचारायला हवं. पाठीचं बरंचसं त्यावर ठरतं.

आई कित्येक वर्षं गुडघे थोडे वाकवूनच उभी राहायची. पोळ्या लाटताना पोट ओट्याला टेकलेलं, एक कोपर कडप्प्यावर. गुडघा सरळ होत नसला की माणूस पुढे झुकतो, कंबरेची कमान सपाट होते आणि तोल सांभाळता सांभाळता पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आली तेव्हा पाय सरळ झाले होते, पाठीची सवय मात्र जुनीच. "गुडघे केले अन् कंबर दुखून राहिली बाप्पा!" आई म्हणायची. शेजारच्या काकूंनी तर ऑपरेशन बिघडलं असंच ठरवून टाकलं. बिघडलं काहीच नव्हतं. फिजिओ ताईंनी गुडघ्याखालची उशी काढून घेतली, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली आणि रोज भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं. सुरुवातीला तिचं डोकं भिंतीला टेकायचंच नाही. हळूहळू टेकायला लागलं, आणि परकर घोट्याच्या वर येऊ लागले. ती किती वाकून वावरत होती, हे मला त्या परकरांनी दाखवलं.

महालातल्या मामांचा खुबा बदलला, त्यांचं उलटं होतं. खुबा आखडला की मांडी मागे जात नाही, पेल्विस, म्हणजे कंबरेखालचं हाडांचं कडं, पुढे कलतं आणि कंबरेत खोल खळगा पडतो. खुब्याच्या आणि कण्याच्या दुखण्याच्या या नात्याला १९८३ साली 'हिप-स्पाइन सिंड्रोम' असं नाव मिळालं. ऑपरेशननंतर मामा म्हणायला लागले, "हा पाय लांब झाला." बर्डीवरून चपलेला जाड टाच लावून आणायला निघालेच होते. डॉक्टरांनी झोपवून मोजलं, तर पाय सारखे. आखडलेल्या स्नायूंमुळे पेल्विस एका बाजूला कललं होतं. टाच लावली असती तर तो तिरपेपणा तसाच राहिला असता. व्यायामाने काही महिन्यांत ती भावना गेली.

ज्यांच्या कंबरेचे मणके स्क्रू घालून जोडलेत, त्यांनी हे नीट वाचा. उभ्याचं बसताना पेल्विस साधारण २० अंश मागे कलतं, त्यामुळे खुब्याला कमी वाकावं लागतं. कणा ताठ असला की ते कलत नाही, सगळं वाकणं खुब्यावर येतं आणि नवा सांधा निखळायचा धोका वाढतो. हे आधी कळलं तर सर्जन उभं राहून आणि बसून, असे बाजूने एक्स-रे काढून नव्या सांध्याची वाटी कोणत्या कोनात बसवायची ते ठरवू शकतात. म्हणून खुब्याच्या डॉक्टरांकडे जाताना कंबरेची जुनी फाइल सोबत न्या. "ते तर मणक्याचं होतं" म्हणून कपाटात ठेवू नका.